बर्थाच्या वाट्याचं शेवाळ

आगाशी, ९ फेब्रुवारी २००३

प्रिय बर्था,

निर्मळच्या स्टॉपवर एका कंडक्टरनं आपल्याला पिशवी उघडायला लावली होती, आठवतं? तू सांडोरहून आली होतीस, मी आगाशीहून, आणि नेहमीसारखी आपली अदलाबदल चालली होती. तुझ्या घरचे फ्लास्क माझ्या पिशवीत, माझ्या घरचे तुझ्या. काचेच्या भांड्यात तांबूस पाणी आणि तोंडाला कापसाचा बोळा. त्याला वाटलं, दोन बऱ्या घरच्या बायका गावठी दारू पोचवतायत. तू अगदी शांतपणे म्हणालीस, "चहा आहे, मास्तर. गार झालाय." त्यानं बोळा काढला, नाक आत घातलं आणि म्हणाला, "बाई, तुमच्याकडे पाहुणे दुसऱ्यांदा येत नसतील." बस सुटेपर्यंत आपण हसत होतो. त्याच्या नाकानं बाटलेला तो फ्लास्क तू घरी जाऊन ओतून टाकलास, हे मात्र मला पुढच्या खेपेला कळलं.

त्या दिवशी काही विशेष घडलं नव्हतं. तरी तोच दिवस मला सारखा आठवतो.

तुझं पार्सल तुझ्या भावानं, फ्रान्सिसनं, परवा आणून दिलं. इतकी वर्षं नाताळला तुमचं छापील कार्ड यायचं, खाली सगळ्यांची नावं तुझ्या सुनेच्या अक्षरात. या वेळी चिठ्ठीवर तुझं अक्षर होतं. अजून तसंच, सिस्टरांनी पट्टी मारून सरळ केलेलं. "फ्रान्सिस म्हणतो तुझं मनगट दुखतं. आता फ्लास्क हलवत बसू नकोस. हा पंप हवेचे बुडबुडे सोडेल, तेच हलवतील." बर्थे, माझं मनगट दुखतं हे ऐकून तू कॅनडात दुकानात गेलीस, पंप निवडलास, नळी मोजून घेतलीस. मी चिठ्ठी घडी करून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली आहे. (हो, शाळेतलंच. देव वेगळा असला तरी पुस्तक सोडवत नाही.)

पंप छोटासा, निळा, गोड आहे. तुमच्याकडची वीज वेगळी, त्यामुळे माझ्या भाच्यानं, उमंगनं, मध्ये लावायला एक लोखंडी ठोकळा आणला. तो गरम होतो आणि गुणगुणतो. आणि नळी! इतकी मऊ, इतकी स्वच्छ आरपार. पार्सल उघडलं तेव्हा तिचा वास खोलीभर पसरला. मी म्हटलं, हा बर्थाच्या तिकडच्या घराचा वास असणार. नळी नाकाशी धरून बसले होते तर सलोनी, उमंगची बायको, दारात उभी. "आत्या, हुंगताय काय? खायचं आहे का ते?"

आपली माळ, आपलं ते समुद्राचं शेवाळ, बरी आहे. मी अजून दोन बाजू वेगळ्याच ठेवते. खिडकीच्या डाव्या बाजूचे फ्लास्क तुझ्या वाट्याचे, उजवीकडचे माझे. तू गेलीस त्या दिवशी फ्रान्सिसनं तुझे फ्लास्क केळीच्या पानात गुंडाळून टोपलीतून आणले, तेव्हापासून असंच. आपला नियम होता, माळ दोन घरांत हवी. एका घरातली मेली तर दुसऱ्या घरातून बी घेता येतं. आता दोन्ही घरं माझ्या एका खिडकीत आहेत. तू सहा महिन्यांसाठी गेली होतीस, तुझ्या ॲन्सेल्मला मुलगी झाली म्हणून. ती आता मोठ्या शाळेत जात असेल.

पंप मी आधी तुझ्या बाजूला लावला. भेट तुझी होती.

तुझी,
अनसू


आगाशी, २१ एप्रिल २००३

प्रिय बर्था,

काल ईस्टरला फ्रान्सिसकडे जेवायला गेले होते. तुझी खोली वहिनीनं उघडून झाडली होती. खिडकीखालची फळी अजून आहे, फ्लास्कच्या बुडांचे गोल डाग अजून आहेत. वहिनी म्हणाली, "घासून पण जात नाय, बाई." मी म्हटलं, नका घासू.

पंप छान चालतो. बुडबुडे वर येतात तेव्हा खोलीत कोणीतरी पुटपुटत असल्यासारखं वाटतं. मनगटाला आराम आहे. लाइट गेली की मात्र सगळं गप्प.

रंग थोडा उतरलाय. चहा होता त्याचा पिवळट काढा झालाय, एवढंच. यंदा उकाडा फार आहे. मी फ्लास्कखालच्या परातीत माठातलं गार पाणी घालते, खिडकीला ओला पंचा लावते. आणि जंतू शिरले असतील म्हणून दर रविवारी नळी उकळून घेते. सिस्टर म्हणायच्या ना, उकळलेल्या वस्तूला पाप चिकटत नाही. पहिल्यांदा थोडीच उकळली. रंग आणखी उतरला तेव्हा जास्त वेळ. सलोनी स्वयंपाकघरातून ओरडते, "आत्या, आमची डाळ पण कधीतरी एवढी शिजवा!"

पाणी बदलून बघावं म्हणून अर्नाळ्याला गेले होते. शत्रुघ्न आठवतो? त्याच्या बापाच्या होडीतून आपण पाणी आणायचो. आता तो स्वतः म्हातारा झाला. मी बाटल्या पुढे केल्या तर म्हणाला, "बाय, अजून दर्याचं पानी नेतेस? घरात मीठ नाय काय?" मग म्हणाला, "ती दुसरी खय हाय? ती गोरी, बडबडी?" मी म्हटलं, परदेशी. "मंग दोगींचं पानी तू एकटीच वाहतेस!" आणि हसला. होडीत जाळं पडलं होतं. त्यात चार बोंबील आणि बाकी नुसत्या पिशव्या, लाल, निळ्या, दुधाच्या. तो त्या एकेक सोडवून परत पाण्यातच टाकत होता. मी रागावले तर म्हणाला, "मंग खय ठेवू? तुज्या बरणीत?"

पाणी त्यानं किनाऱ्यापासून लांब जाऊन आणून दिलं. ते बरणीत मुरायला ठेवलंय. आईची लोणच्याची चिनी मातीची बरणी, तीच. शेजारच्या नव्या फ्लॅटमधल्या बाईंनी परवा विचारलं, "मावशी, कसलं लोणचं घातलंय?" मी म्हटलं, समुद्राचं.

फ्रान्सिसकडे सुकेळी दिली आहे. त्याच्या ओळखीचं कोणी तिकडे येतंय. नातवंडांना चिकट वाटली तर तू एकटीनं खा.

कधी येतेस? हे मी दर वेळी लिहिते आणि दर वेळी शेवटी लिहिते, म्हणजे तुला वाटावं की सहज आठवलं.

तुझी,
अनसू


आगाशी, १४ जुलै २००३

प्रिय बर्था,

पाऊस आहे. खाडीचं पाणी गोडसर झालंय, होड्या वर ओढलेल्या. बरणीतल्या पाण्यावर भागवते आहे.

एक नवी ओळख सांगते. क्षितिजा. आपण दोघी शिकवायचो त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, फुलपाड्याला फ्लॅटमध्ये राहते, घाटावरची आहे. समुद्र तिनं पहिल्यांदा नोकरीला आल्यावर पाहिला म्हणे. प्रयोगशाळेत जुनं कपाट आवरताना तिला आपल्या हातची लेबलं सापडली आणि पत्ता काढत ती आली. माझ्या खिडकीसमोर उभी राहून एकेक फ्लास्क निरखत गेली. मग म्हणाली, "अनसूयाबाई, हे कधीचं आहे?" मी तिला सांगितलं, सहलीत भुईगावच्या किनाऱ्यावरून बाटलीभर पाणी आणलं होतं, त्यातून माझ्या मैत्रिणीनं केसाएवढ्या बारीक काचनळीनं एकच साखळी उचलली, सूक्ष्मदर्शकाखाली मणी एकाला एक जोडलेले दिसत होते, ती म्हणाली रोझरी, मी म्हणाले जपमाळ, म्हणून नाव माळ. तेव्हापासून दर पंधरवड्याला थोडं नव्या पाण्यात घालायचं, बस्स. एवढ्यावर ती जगत आली. तुझं नाव सांगताना मला उगाचच अभिमान वाटला.

मुलांना दाखवायला तिनं डाव्या बाजूचं थोडं टेस्टट्यूबमध्ये नेलं. ते मार्चमध्येच, सांगायचं राहिलं. बरणीतलं पाणीही ती अधूनमधून नेते.

डाव्या बाजूचे फ्लास्क जरा रुसले आहेत. उजवीकडचे बरे होते, म्हणून नळीला फाटा काढून तिथेही पंप दिला. काळजीचं कारण नाही.

डोळ्यांचं तुला फ्रान्सिस सांगेलच, तर आधी मीच लिहिते. सरळ बघितलं की मधोमध धुरकट ठिपका येतो. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग झिजलाय, मोतीबिंदूसारखा काढता येत नाही. सूक्ष्मदर्शकातून आता मला माळ दिसत नाही. रंग कळतो, वास कळतो. बाकी तब्येत उत्तम.

तुझी,
अनसू


आगाशी, ३० ऑगस्ट २००३

प्रिय बर्था,

तुझं पत्र! खरंखुरं, सहा पानी. सलोनीनं वाचून दाखवलं, मग मी तिच्या हातून घेऊन कडेकडेनं पुन्हा वाचलं. नातीचं तुझ्याशी इंग्रजीत भांडणं, तुझं तिला मराठीत उत्तर देणं, चर्चमधल्या बायकांना तू सांगतेस की माझ्या पंपावर वसईत समुद्र वाढतोय! सगळं डोळ्यांपुढे आलं. "इथं आल्यापासून पहिल्यांदा माझ्या हातून तिकडचं काहीतरी झालं," असं तू लिहिलंस. ते वाक्य मी सलोनीकडून दोनदा वाचून घेतलं.

आमच्याकडे विशेष काही नाही. क्षितिजानं एक छोटासा प्रयोग केला, सांगण्यासारखा नाही. लाइट फार जाते म्हणून पंप सध्या बंद आहे.

मनगट बरं आहे.

अनसू


आगाशी, २८ सप्टेंबर २००३

प्रिय बर्था,

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. पण काल फ्रान्सिस आला आणि आनंदानं म्हणाला, "बर्थाबाय कॉलेजला खोका भरून नळी पाठवतेय. तिच्या चर्चवाल्यांनी वर्गणी काढली." आता गप्प बसले तर कॉलेजातल्या मुलांच्या भांड्यांतलं सगळं शेवाळ मरेल. तेव्हा ऐक. ती नळी माळेला मारते.

झालं असं. क्षितिजानं नेलेली टेस्टट्यूब एका महिन्यात चहासारखी झाली. तिनं ती वाढवून दोन फ्लास्क भरले. पाणी माझ्याच बरणीतलं, पाण्यात घालायचा क्षारांचा खाऊ मीच कालवून दिलेला, माळ तीच. आणि माझ्या खिडकीत मात्र पाण्यासारखं पाणी. ती माझ्याकडे आली, फ्लास्कपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही असं काय आहे?"

मी म्हटलं, "वय."

ती हसली नाही. ती नळीकडे बघत होती.

मी तिला सांगितलं, नळी स्वच्छ आहे, मी स्वतः उकळते. "किती वेळा?" मी सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "बाई, तुम्ही तिचा काढा करून पाजलात त्यांना!"

तरी मी मानलं नाही. भांडले तिच्याशी. म्हटलं, ती भेट आहे. "भेट आहे म्हणून विष नाही असं कुठे असतं?" म्हणाली. घाटावरची माणसं फटकळ असतात. मग तिनं रीतसर केलं. नळीचे तुकडे समुद्राच्या पाण्यात भिजत ठेवले. काही फ्लास्कना ते पाणी दिलं, काहींना नळी उकळलेलं, काहींना बरणीतलं साधं. सगळे एकाच फळीवर, एकाच उजेडात. साध्या पाण्यात माळ वाढली. भिजवलेल्या पाण्यात फिकट होऊन थांबली. उकळलेल्या पाण्यात तर काहीच उरलं नाही. तिनं सूक्ष्मदर्शकातून पाहून मला सांगितलं, मीच सांग म्हटलं होतं. माळा तुटल्या होत्या. दोन-दोन मणी सुटे, आतला सोनेरी रंग आक्रसून एका कोपऱ्यात.

ती म्हणते, हे प्लास्टिक मुळात कडक असतं. मऊ व्हावं म्हणून त्यात तेलासारखं काहीतरी मिसळतात. ते प्लास्टिकला घट्ट बांधलेलं नसतं, पाण्यात हळूहळू उतरतं. गरम केलं की भराभर. नव्या नळीला वास येतो ना, तोसुद्धा अशाच मिसळलेल्या वस्तूंचा. मी तो वास तुझ्या घराचा समजून छातीत भरून घेतला होता. माझं त्यानं काही बिघडलं नाही. पण ज्याचं सगळं अंगच एका पेशीएवढं आणि ज्याला त्याच पाण्यात राहायचंय, खायचंय, दुभंगून दोन व्हायचंय, त्यानं कुठे जावं?

तुझी बाजू गेली, बर्था. डावीकडचे सगळे फ्लास्क. उजवीकडचेही गेले. क्षितिजाकडचं तेवढं आहे, आणि ते डावीकडचंच होतं. म्हणजे माझा वाटा मेला आणि तुझा फुलपाड्याला तिसऱ्या मजल्यावर एका अनोळखी मुलीच्या खिडकीत जगला. तिला आपला दोन घरांचा नियम माहीतही नव्हता.

एप्रिलपासून मला रंग उतरताना दिसत होता. जुलैत तुला लिहिलं रुसलेत, ऑगस्टमध्ये लिहिलं लाइट जाते. लाइट काही फार जात नव्हती. तुझ्या त्या एका वाक्यापुढे मला खरं लिहवेना. नळी बाजूला करून बघावं हे साधं डोक्यात आलं नाही असं मी क्षितिजाला सांगितलं. तुला सांगते, आलं होतं. ती काढायला हात गेला नाही.

अर्नाळ्याच्या जाळ्यातल्या त्या पिशव्याही आता डोळ्यांपुढून जात नाहीत. क्षितिजाला विचारलं, समुद्रातही असंच होत असेल का गं? ती म्हणाली, समुद्र मोठा आहे, फ्लास्कसारखं लगेच दिसणार नाही. शिवाय कोणी मोजलेलं नाही. मग म्हणाली, मी मोजेन म्हणते. माशाच्या पोटात जे जातं ते शेवटी या मण्यांपासूनच सुरू होतं, हे आपण दोघी पोरींना शिकवायचो. आता ती शिकवते.

खोका पाठवू नकोस. तुझ्या चर्चमधल्या बायकांना काय सांगायचं ते तू ठरव. मला दोष दे हवं तर, म्हण तिला वापरता आली नाही. चालेल मला.

रागाव, पण पुन्हा कार्डावर नको जाऊस.

अनसू


आगाशी, १७ नोव्हेंबर २००३

प्रिय बर्था,

तुझा फोन ठेवल्यावर सलोनी म्हणाली, "आत्या, कोण मेलं?" एवढ्या मोठ्यानं आपण ओरडत होतो.

"तू धुतलीच नसशील नीट!" म्हणे. धुतली? उकळली होती ना गं! "कोण नळी उकळतं, वेडे? ती काय शेवयांची खीर आहे?" आणि मग, "ती घाटावरची पोर मला शिकवणार? मी ती साखळी उचलली तेव्हा तिची आई शाळेत जात असेल!" आणि मी म्हटलं, मग ये आणि बघ. आणि तू म्हणालीस, "येतेच!" आणि फोन आपटलास.

नऊ वर्षं मी तुला ये ये म्हणून गोड पत्रं लिहिली. फुकट गेली सगळी. पहिल्याच वर्षी भांडायला हवं होतं.

फ्रान्सिस सांगून गेला, तिकीट जानेवारीचं आहे. वहिनी तुझी खोली पुन्हा झाडते आहे. मी नवी पांढरी चादर दिली.

क्षितिजानं तिच्याकडचं थोडं मला परत दिलं. मी जुन्या पद्धतीनं काचेत, पुन्हा डावी-उजवी बाजू करून ठेवलंय, कुकरच्या तीन शिट्ट्या देऊन, कापसाचे बोळे करून. सकाळ-संध्याकाळ हातानं हलवते. मनगट दुखतं, तर दुखू दे. पहिला आठवडा काहीच दिसेना. मग एका सकाळी पंचा बाजूला केला आणि उन्हात फ्लास्क धरला तर तळाशी अगदी अंधुक, दुधात चहाचा एकच थेंब पडावा तसा रंग. मी सलोनीला हाक मारली. ती पिठाच्या हातानं आली, वाकून बघितलं, म्हणाली, "मला तर पाणीच दिसतंय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं बाई, आहे, आहे."

आहे, बर्था.

तू आलीस की मी तुझ्याकडे बघत नाही असं तुला वाटेल. मी तुझ्या कानाकडे नाहीतर खांद्याकडे बघत असेन. तसंच बघितलं की चेहरा दिसतो आता. तेव्हा, "माझ्याकडे बघून बोल" असं सिस्टरांसारखं म्हणू नकोस.

अनसू


आगाशी, ११ जानेवारी २००४

प्रिय बर्था,

हे पत्र फ्रान्सिसच्या हाती ठेवते. तू घरी येशील, आंघोळ करशील, वहिनीच्या हातचं जेवशील, मग तो तुला देईल. समोर आल्यावर मला बोलता यायचं नाही. तू बोलत सुटशील आणि मी हसत बसेन.

काल फ्रान्सिसला मी विचारलं, किती दिवस राहणार? तो खाली बघून म्हणाला, "तीन आठवडे." मग म्हणाला, "बाय सही करायला येतेय. तिचा घराचा हिस्सा माझ्या नावावर करते म्हणते. तुम्हाला बोलली नाय काय?" नाही बोललीस. त्या भांडणामुळे तू येतेस असं मी घरभर सांगत फिरत होते. भांडणही खरं असेल, सहीही खरी असेल. ठीक आहे. ॲन्सेल्म तिकडे, नातवंडं तिकडे, तुझी कबरसुद्धा तिकडेच होणार, बर्फात. मला ते आता कळतं. तू मला सांगायला घाबरलीस, जशी मी नळीचं सांगायला घाबरले. दोघी एकाच शाळेतल्या.

इतकी वर्षं डावी बाजू मी तुझी म्हणून ठेवली, त्यात माळेपेक्षा माझाच स्वार्थ जास्त होता. तुझा वाटा इथे आहे तोवर तू यायची राहिलेली आहेस, असं मला वाटायचं. पण डोळे गेले तर दोन बाजूंचं मला होणार नाही, आणि एका खिडकीत दोन घरं मावत नाहीत हे या वर्षी आपण पाहिलं. तेव्हा तू असतानाच वाटण्या करून टाकू. मी ठरवलंय ते लिहिते. पटलं नाही तर भांड, तीन आठवडे आहेत.

सूक्ष्मदर्शक क्षितिजाला. भिंगं पुसायचा मऊ कपडा पेटीच्या झाकणात आहे, तिला सांग. मी सांगितलं की ती "हो बाई" म्हणते आणि पदरानं पुसते.

पंपात दोष नाही. सलोनीला कधीपासून माशांची काचपेटी हवी आहे. क्षितिजानं सिलिकॉनची नळी मिळवली आहे, ती चालते म्हणे. पंप सलोनीला. तिला तुझ्या हातून दे, तिला आवडेल. तिला वाटतं तू मी बनवलेली गोष्ट आहेस.

उरलेली जुनी नळी क्षितिजा मुलांना दाखवायला ठेवणार आहे, बाटलीत, त्या तीन प्रकारच्या पाण्यांशेजारी. बाटलीवर तुझं नाव घालू नकोस असं मी तिला सांगितलंय. ती म्हणाली, "का? नाव घातलं तर मुलं लक्षात ठेवतील." तुझ्यावर सोपवते.

बरणी घरातच राहू दे. सलोनीला त्यात पुन्हा कैरी घालायची आहे. मुरलेलं पाणी बाटल्यांत काढून ठेवलंय, काचेच्या. अर्धं क्षितिजाकडे, अर्धं माझ्याकडे. शत्रुघ्नला मात्र दोघी जाऊन भेटू, एकदा. त्याला कोणी काही द्यायचं नाही, तोच आपल्याला चार बोंबील देईल आणि टोमणे.

वहिनीला मी माझी पितळी परात देते आहे, फ्लास्क ठेवायची ती नव्हे, दुसरी, मोठी. तुझ्या खोलीतल्या त्या फळीला तिनं कधी घासू नये म्हणून.

उजव्या बाजूचे फ्लास्क माझ्याकडेच राहतील, हात चालतात तोवर. क्षितिजा शनिवारी येऊन आत बघून जाईल आणि मला सांगेल. ती खोटं बोलत नाही.

आणि डाव्या बाजूचे, तुझ्या वाट्याचे, आता चांगले तांबूस झालेत. ते क्षितिजाला. माळ तिच्याकडे आहेच, पण वाटा म्हणून नाही. मी तिला दिलेले नाहीत. तिनं मागितलेले नाहीत. ते तू द्यायचे, रविवारी मिस्सा झाल्यावर इकडे येशील तेव्हा. तिला काही भाषण करू नकोस. बोळा घट्ट आहे ना बघ, काच पदरानं पूस, आणि तिच्या हातात ठेव. मी खिडकीपाशी असेन, तोंड अंगणाकडे करून. तसं उभं राहिलं की तुम्हा दोघींचे हात मला नीट दिसतील.

तुझी,
अनसूया